मित्रद्रोहाला कलम नाही

उरणच्या किंवा दुसऱ्या कोणत्याही तालुक्याच्या न्यायालयात चार दिवस बसून ज्याने फिर्यादी ऐकल्या असतील, त्याच्या एक गोष्ट ध्यानात आल्यावाचून राहत नाही. ती अशी की, फिर्यादीच्या कागदावर जो गुन्हा नोंदलेला असतो आणि बाहेर वऱ्हांड्यात उभा राहून फिर्यादी ज्याबद्दल तळमळून बोलत असतो, ते दोन्ही एकच असतात असे नाही. आमच्या भागात तर हा अनुभव विशेषच येतो. १९७० साली सिडको स्थापन झाली, खाडीकाठची भातशेते आणि मिठागरे नव्या मुंबईसाठी संपादनात गेली, १९८४ च्या जानेवारीत जासई-दास्तानच्या आंदोलनात पाच जणांचे बळी गेले, आणि दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालील त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाचा हक्क पदरात पडला. परंतु या हक्काबरोबरच वारसदाखले, इरादापत्रे, कुलमुखत्यारपत्रे यांचा जो प्रचंड दफ्तरसंभार गावोगाव उभा राहिला, त्यात ज्याला लिहितावाचता येत होते त्या मित्रावर भिस्त ठेवून, न वाचता सही किंवा अंगठा करून देणारी माणसे काही थोडीथोडकी नव्हती. पुढे तंटा झाला म्हणजे कागदावर रक्कम येते, गट नंबर येतो, साक्षीदारांची नावे येतात. आणि वऱ्हांड्यातला म्हातारा मात्र रकमेबद्दल अवाक्षर न काढता, 'आमी एका ताटान जेवलू' एवढेच पुन्हा पुन्हा सांगत असतो. त्या वाक्याची नोंद घ्यायला कारकुनापाशी रकाना नसतो.

हा रकाना नसणे ही काही कारकुनाची चूक नव्हे. विश्वासघाताचा गुन्हा आपल्या दंडविधानात होताच. जुन्या संहितेच्या ४०५ व्या कलमात त्याची व्याख्या होती, आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत तो ३१६ व्या कलमात आहे. परंतु ही व्याख्या बारकाईने वाचली असता असे दिसते की, तिथे सोपवलेली असते ती मालमत्ता, आणि घात होतो तोही मालमत्तेचाच. मनुष्याने मनुष्यावर टाकलेला भरवसा कायद्याच्या नजरेस तेव्हाच पडतो, जेव्हा त्या भरवशाला दागिना, रोकड किंवा जमिनीचा तुकडा बांधलेला असतो. निव्वळ मैत्रीचा द्रोह हा अपराध नाही. तो अपराध असावा असेही माझे म्हणणे नाही. कारण मित्रामित्रांतील हिशेब तपासण्यासाठी फौजदार घरात येऊ लागला, तर मैत्री नावाची वस्तूच शिल्लक राहणार नाही. माझे म्हणणे इतकेच आहे की, कायद्याने ज्या दुःखाला दारातून परतवले ते आश्रयासाठी कथेकडे, नाटकाकडे आणि विशेषतः ज्याला आपले रसिक विद्वान अंमळ नाक मुरडून 'गुन्हेगारीचा चित्रपट' म्हणतात त्या प्रकाराकडे येते. आणि तिथेही त्याची ओळख पटतेच असे नाही. याचे सर्वांत ठळक उदाहरण महाराष्ट्राच्याच इतिहासात आहे, आणि ते घडले आमच्यापासून समुद्राने तासाभराच्या अंतरावर.

मोऱ्याच्या धक्क्यावरून भाऊच्या धक्क्याला जाणाऱ्या लाँचमधून नौदलाची राखाडी जहाजे दिसतात. करंज्याला नौदलाचे शस्त्रागार असल्यामुळे या गणवेशाची आम्हांला नवलाई नाही. १९५९ साली, उरण जेव्हा कुलाबा जिल्ह्यात होते आणि मुंबई हे द्वैभाषिक राज्य होते, तेव्हा याच बंदरात 'मैसूर' ही युद्धनौका होती आणि तिच्यावर कमांडर कावस माणेकशॉ नानावटी हे अधिकारी होते. २७ एप्रिल रोजी दुपारी त्यांच्या इंग्रज पत्नीने, सिल्व्हियाने, प्रेम आहुजा या कुटुंबस्नेह्याशी असलेल्या आपल्या संबंधांची कबुली दिली. नानावटींनी पत्नीला आणि मुलांना मेट्रो चित्रपटगृहाशी सोडले. तिथून ते जहाजावर गेले. रात्री एकट्याने मोटार हाकत अहमदनगरला जायचे आहे असे निमित्त सांगून त्यांनी रिव्हॉल्वर आणि सहा काडतुसे घेतली. प्रथम आहुजाच्या मोटारविक्रीच्या दुकानात आणि तिथे तो नाही असे कळल्यावर नेपियन सी रोडजवळच्या त्याच्या घरी ते गेले. आणि चार वाजून वीस मिनिटांच्या सुमारास त्याच्या शयनगृहात तीन गोळ्या झाडल्या गेल्या. त्यानंतर नानावटी स्वतःहून पोलिसांच्या हवाली झाले.

ही हकीकत बहुतेकांना ठाऊक आहे, आणि तिचा पुढला भागही. नऊ पंचांच्या ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी 'निर्दोष' म्हटले. सेशन्स जज्ज मेहता यांना हा निर्णय विपरीत वाटला आणि त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवले. तिथे ११ मार्च १९६० रोजी जन्मठेप झाली. आणि त्याच दिवशी राज्यपाल श्रीप्रकाश यांनी शिक्षा स्थगित करून कमांडरसाहेबांना तुरुंगाऐवजी नौदलाच्या 'कुंजाली' या तळावर ठेवण्याचा हुकूम काढला. राज्यपालांच्या या अधिकाराला सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षीच्या सप्टेंबरात मर्यादा घातली, आणि २४ नोव्हेंबर १९६१ रोजी जन्मठेप कायम केली. तोवर मुंबई राज्य जाऊन महाराष्ट्र आला होता, त्यामुळे एकाच आरोपीचे दोन निकाल दोन वेगळ्या राज्यांच्या नावांवर नोंदले गेले आहेत. १९६४ साली राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी माफी दिली. त्यासाठी आहुजाची बहीण मेमी हिची लेखी संमती घेण्यात आली होती. १९६८ साली नानावटी कुटुंब कॅनडाला गेले. या खटल्याने ज्यूरीची पद्धत बंद पडली असे जे सर्रास सांगितले जाते त्यात अतिशयोक्ती आहे. ज्यूरी त्यानंतरही काही काळ होती, आणि १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने तिला कायमचा निरोप दिला.

आता या साऱ्या व्यापात मित्र कुठे आहे? सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रात तो आरंभीच्या एका वाक्यात येतो. अग्निक नावाचे एक कुटुंब नानावटींच्याही परिचयाचे होते आणि आहुजांच्याही. त्यांनी १९५६ साली या दोन घरांची ओळख करून दिली, आणि नानावटी आपल्या नोकरीच्या निमित्ताने वारंवार समुद्रावर असल्यामुळे सिल्व्हिया व आहुजा यांचा स्नेह वाढत गेला, असे न्यायमूर्ती नोंदवतात आणि पुढल्या मुद्द्याकडे वळतात. त्यांना वळणे भागच होते. त्यांच्यापुढचा प्रश्न निराळा होता: प्रक्षोभ अकस्मात आणि गंभीर होता काय? त्यांनी घड्याळाचा हिशेब केला. दीड वाजता घर सोडलेला मनुष्य चार वाजून वीस मिनिटांनी गोळी झाडतो, दरम्यान मुलांना सिनेमाला सोडतो, जहाजावर सबब सांगून शस्त्र घेतो, तेव्हा त्याचा तोल सावरायला पुरेसा अवधी मिळालेला होता, असा निष्कर्ष निघाला. झटापटीत गोळी सुटली हा बचावही टिकला नाही. आंघोळ करून नुकताच बाहेर आलेल्या आहुजाच्या कमरेचा टॉवेल, तो जमिनीवर कोसळल्यावरही, जागचा सुटलेला नव्हता. खून की सदोष मनुष्यवध या प्रश्नाचे उत्तर एका टॉवेलाच्या गाठीने द्यावे आणि तीन वर्षांच्या सहवासाला एक वाक्य मिळावे, यात न्यायमूर्तींचा दोष नसून न्यायशास्त्राची मर्यादा आहे.

दर्यावर जाणाऱ्यांच्या वस्तीत राहणाऱ्याला मात्र त्या एका वाक्यापाशी थांबावेसे वाटते. करंजा आणि मोरा येथील कोळी बांधव मोसमात दिवसचे दिवस समुद्रावर असतात. मागे राहिलेल्या घराचे दुखणेखुपणे, मुलांची शाळा, बाजारहाट हे सारे शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या आणि मित्रांच्या आधारावर चाललेले असते, आणि जाणारा मनुष्य हे कुणाला लिहून देत नाही की कुणाकडून लिहून घेत नाही. मैत्रीची खरी कसोटी समोरासमोरच्या वागण्यात लागत नसून एकाच्या गैरहजेरीत दुसरा कसा वागतो यात लागते, हे तत्त्व जितके कोळीवाड्यात खरे तितकेच नौदलाच्या वसाहतीत. कमांडर काय आणि तांडेल काय, पाठीमागे विश्वासाचा माणूस आहे या भरवशावरच नांगर उचलतो. नानावटी प्रकरणात प्रथम जे मोडले ते हे होते. विवाह त्यानंतर मोडला, आणि कायदा सर्वांत शेवटी.

यावर कुणी म्हणेल, आणि योग्यच म्हणेल, की पुरुषापुरुषांतील विश्वासाची ही भाषा स्त्रीला एक ठेव मानते. नवरा ठेवून गेला, मित्राने उचलली, एवढाच तिचा अर्थ. हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही, कारण नेमका हाच अर्थ आपल्या कायद्याने घेतला होता. दंडसंहितेचे ४९७ वे कलम परस्त्रीगमन करणाऱ्या पुरुषाला पाच वर्षांपर्यंत कैद देई, परंतु पतीची संमती असेल तर गुन्हाच घडला नाही असे मानी. म्हणजे आहुजाविरुद्ध नानावटींना उपलब्ध असलेला कायदेशीर मार्ग मालकीहक्काचा होता. या कलमाच्या इतिहासात एक विलक्षण योगायोग आहे. उच्च न्यायालयात नानावटींविरुद्ध सरकारची बाजू मांडणारे सरकारी वकील यशवंत विष्णु चंद्रचूड पुढे सरन्यायाधीश झाले, आणि १९८५ साली त्यांनी हे कलम घटनेला धरून असल्याचा निर्वाळा दिला. २७ सप्टेंबर २०१८ रोजी ज्या पाच न्यायमूर्तींनी ते रद्द ठरवले त्यांत त्यांचे चिरंजीव धनंजय चंद्रचूड होते. पुत्राचा निर्णय मला निःसंशय बरोबर वाटतो. परंतु मित्रद्रोहाची जी कल्पना मी मांडतो आहे तिला मालकीहक्काची गरज नाही, आणि याचा पुरावा खुद्द सिल्व्हियाच्या पत्रांत सापडतो. १९५८ च्या मे महिन्यातील तिचे एक पत्र न्यायालयापुढे आले. आहुजा आपण कोणकोणत्या मुलींशी लग्न करू शकतो याच्या गोष्टी तिच्यापुढेच करत होता, आणि त्या ऐकून आपल्या आत काहीतरी तुटले, असा त्या पत्राचा आशय आहे. घर सोडून यायला तयार असलेल्या या स्त्रीला त्याने आशेवर ठेवले होते. फसवणूक झाली ती तिचीही. आणि भरवसा ठेवणारी म्हणून तिचा दर्जा नवऱ्याहून यत्किंचितही कमी नव्हता.

वर्तमानपत्रांना या गुंतागुंतीशी कर्तव्य नव्हते. रूसी करंजिया यांच्या 'ब्लिट्झ'ने शुभ्र गणवेशातला नौदल अधिकारी विरुद्ध विलासी धनिक असा सोपा सामना लावला, अंकाची पंचवीस पैशांची किंमत दोन रुपयांवर गेली, आणि रस्त्यावर 'आहुजा टॉवेल' विकले गेले. पारशी आणि सिंधी अशी जातीय बाजूही त्याला चिकटली. शहराला एक नायक आणि एक खलनायक मिळाला.

कलावंतांनी तरी याहून निराळे काही करावे ही अपेक्षा होती. 'ये रास्ते हैं प्यार के' हा १९६३ चा चित्रपट, सुनील दत्त आणि लीला नायडू असूनही, तिकिटबारीवर पडला. मराठी रंगभूमीवर मधुसूदन कालेलकरांचे 'अपराध मीच केला' याच प्रकरणाच्या आधाराने आले. २०१६ च्या 'रुस्तम'ने तर कहर केला: नवऱ्याने मित्राला मारले यामागे युद्धनौकेच्या खरेदीतला भ्रष्टाचार आणून ठेवला, म्हणजे खून देशभक्तीच्या खात्यावर जमा करून टाकला. चित्रपट चालला, नायकाला अभिनयाचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. परंतु ज्या क्षणी मित्र देशद्रोही ठरतो त्या क्षणी तो मित्र उरत नाही, त्याला मारताना प्रेक्षकाच्या मनाला कसलाही पीळ पडत नाही, आणि कथेचा प्राणच निघून जातो. शत्रूचा वध पाहायला कुणाला काय लागते?

या सगळ्यांत जो चित्रपट सत्याच्या सर्वांत जवळ गेला त्याची आठवण फार थोड्यांना आहे. गुलजारांचे नाव निघाले की 'कोशिश', 'आंधी', 'मौसम' यांची चर्चा होते. १९७३ चा 'अचानक' यादीत खाली कुठेतरी असतो, आणि पुष्कळदा नसतोच. ख्वाजा अहमद अब्बास यांच्या कथेवर बेतलेल्या या चित्रपटात एकही गाणे नाही. गीतकार म्हणून ज्याची ख्याती, त्याने स्वतःच्या चित्रपटातून गाणे वर्ज्य करावे, हा मला त्या काळच्या हिंदी चित्रपटातला एक मोठा संयम वाटतो. विनोद खन्ना यांचा मेजर रणजित हा सैन्यातला पदकधारी अधिकारी. पत्नी आणि जिवलग मित्र यांचा संबंध कळल्यावर तो दोघांनाही मारतो, कायद्याच्या स्वाधीन होतो, आणि मग पत्नीचे मंगळसूत्र गंगेत सोडण्यासाठी कैदेतून निसटतो. चित्रपट आपल्याला भेटतो तो यानंतर: मेजर गोळी लागून इस्पितळात पडला आहे, डॉक्टर आणि परिचारिका त्याला जगवण्यासाठी शर्थ करत आहेत, आणि तो बरा झाला की त्याला फासावर चढवायचे आहे.

समीक्षकांनी याचा अर्थ लावला तो अब्बासांच्या मूळ हेतूला धरून: रणांगणावर माणसे मारली की पदक, घरात मारली की फास, हा राज्यसंस्थेचा दुटप्पीपणा. हा अर्थ चूक नाही. पण तो अपुरा आहे, आणि मला विचाराल तर चित्रपटातला सर्वांत कमकुवत धागाही तोच आहे, कारण युद्ध आणि खून यांतला फरक शाळकरी मुलालाही समजावता येतो. ज्या गोष्टीचा उलगडा होत नाही ती ते मंगळसूत्र. ज्या पत्नीला याने स्वतःच्या हातांनी मारले तिच्या मंगळसूत्रासाठी हा मनुष्य स्वतःचा जीव पणाला लावतो. म्हणजे प्रेम संपल्यामुळे त्याने मारले नाही, आणि मारल्यामुळे प्रेम संपले नाही. पत्नीशी त्याचे नाते तिच्या मृत्यूनंतरही चालू राहते, त्याला विधी आहे, वस्तू आहे, नदी आहे. मित्राच्या बाबतीत असे काहीच नाही. मेलेल्या मित्रासाठी गंगेत सोडावे असे काही नसते. विवाहाला जसे मंगळसूत्र तशी मैत्रीला कोणती खूण नाही, म्हणून तिच्या मोडण्याचा शोकही करता येत नाही. गुलजारांनी हे शब्दांत कुठे सांगितलेले नाही. परंतु इस्पितळातल्या त्या खाटेवर विनोद खन्ना ज्या तऱ्हेने गप्प राहतात, त्यात पश्चात्ताप जितका आहे त्याहून एकटेपणा अधिक आहे, आणि तो केवळ विधुराचा एकटेपणा नव्हे.

हा चित्रपट उपेक्षित का राहिला, याचे कारण माझ्या मते इथेच आहे. पाहणाऱ्याला बाजू हवी असते, आणि 'अचानक' बाजू देत नाही. मेजरला नायक करत नाही, पत्नीला कुलटा ठरवत नाही, मित्राला रावण करत नाही. गोविंद बल्लाळ देवलांनी १८९० साली शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो'वरून 'झुंझारराव' रचले तेव्हापासून मराठी प्रेक्षक संशयी नवऱ्याची कथा पाहत आला आहे, आणि तेव्हापासून तिला 'मत्सराचे नाटक' म्हणत आला आहे. वस्तुतः त्या नाटकात सेनापती जो प्राणघातक प्रमाद करतो तो मत्सराआधीचा आहे: तो विश्वास ठेवायला चुकीचा मित्र निवडतो. बायकोवरचा संशय हा त्या मित्रावरच्या आंधळ्या विश्वासाचा परिणाम आहे. शंभराहून अधिक वर्षे आपण परिणामाला कारण समजून टाळ्या देत आलो.

याच्या अगदी उलट टोकाची एक कथा तमिळ महाभारतपरंपरेत, विल्लिपुत्तूरार यांच्या नावावर, सांगितली जाते. कर्ण आणि दुर्योधनाची पत्नी सारीपाट खेळत असतात. दुर्योधन येताना पाहून ती उठते, त्याच्याकडे पाठ असलेला कर्ण ती हरण्याच्या भयाने पळते आहे असे समजून तिला धरू पाहतो, आणि तिच्या मोत्यांचा सर तुटून मोती घरभर पसरतात. दुर्योधन दारात उभा आहे. तो एवढेच विचारतो की, मोती नुसते वेचून देऊ की ओवूनही देऊ? नेपियन सी रोडवरच्या शयनगृहातल्या आणि 'अचानक'मधल्या प्रसंगांशी ही कथा ताडून पाहावी. प्रसंग जवळजवळ तोच, फरक इतकाच की इथे मित्र मित्रच आहे आणि पाहणाऱ्याला ते ठाऊक आहे. आपण ज्याला खलपुरुष म्हणतो त्या दुर्योधनाला परंपरेने हा एक प्रसंग बहाल केला, आणि पुढे कुंतीने जन्मरहस्य सांगूनही कर्ण त्याची बाजू का सोडत नाही, याचे सर्वांत पटणारे कारणही त्यातूनच मिळते.

नानावटींवर लिहिणाऱ्या पुढल्या मराठी लेखकाला माझी एक विनंती आहे. ज्यूरी, राज्यपाल, टॉवेल, गणवेश या सगळ्यांवर पुरेसे लिहून झाले आहे. १९५६ ते १९५९ या काळात त्या दोन घरांमध्ये जेवणे झाली असतील, वाढदिवस झाले असतील, जहाज बंदरात नसताना मुलांना कुणीतरी फिरायला नेले असेल. न्यायालयाने एका वाक्यात मिटवलेली ती तीन वर्षे कुणीतरी कादंबरीत किंवा रंगमंचावर उभी करावी. आणि तोवर वाचकांनी 'रुस्तम' पाहिला असेल तर 'अचानक'ही पाहावा. गाण्यांची वाट न पाहता, आणि कोण दोषी हा प्रश्न थोडा वेळ बाजूला ठेवून.